मागे काय उरलं?

ऑपरेशनला तीन आठवडे झालेत. पोटाच्या डाव्या बाजूला पिशवी आहे. ती कधी रिकामी करायची, तोंड कसं पुसायचं, चिमटा कसा लावायचा हे आता हाताच्या सवयीचं झालंय. आणि एका पहाटे साडेपाचला त्याला नेहमीसारखी परसाकडची कळ येते. तो झोपेतच उठतो, दिवा लावतो, कमोडवर बसतो. बसल्यावर लक्षात येतं की जिथून काही यायचं ती जागा सर्जननं काढून टाकली आहे आणि वरून टाके घातले आहेत. कळ मात्र जात नाही.

मराठीत 'कळ' हा शब्द फार कामाचा आहे. पोटात मुरडा आला तरी कळ, संडासची घाई लागली तरी कळ, आणि ती सोसत बसणं म्हणजे कळ काढणं. पोटावरून संडासची वाट काढून दिलेल्या माणसाच्या वाट्याला हे तिन्ही अर्थ एकदमच येतात. तो बहुधा तिसरा अर्थ निवडतो आणि गप्प बसतो. डॉक्टरांना सांगावं तर काय सांगायचं? नसलेली जागा दुखते म्हणून?

ज्या घरात सकाळच्या चहाबरोबर 'पोट साफ झालं का?' हा प्रश्न आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना मोकळेपणानं विचारला जातो, त्याच घरात पिशवी आली की हा विषय दार लावून बोलायचा होतो. निदान पिशवीबद्दल नर्स शिकवते, कंपनीचं माहितीपत्रक मिळतं. मागच्या बाजूबद्दल सहसा कोणी काही सांगत नाही. रुग्णाचं सगळं लक्ष पोटावर आणि दुखणं बैठकीत, अशी ही विचित्र परिस्थिती. माझ्या मते घरी सोडण्याच्या दिवशी प्रत्येक रुग्णानं एकच प्रश्न आवर्जून विचारावा आणि त्याचं उत्तर कागदावर लिहून घ्यावं: माझ्या मागे काय उरलंय?

कारण बाहेरून दिसणारी पिशवी सारखीच असली, तरी आतली परिस्थिती तीन तऱ्हांची असू शकते. पहिली तऱ्हा म्हणजे गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही काढून मागची जागा कायमची शिवून टाकलेली. गुदाशयाच्या अगदी खालच्या भागातल्या कॅन्सरसाठी ही शस्त्रक्रिया लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स यांनी 1908 साली मांडली आणि थोड्याफार बदलांसह ती आजही होते. दुसऱ्या तऱ्हेत मोठ्या आतड्याचा रोगट तुकडा काढतात, वरचं टोक पोटावर आणतात आणि खालचा गुदाशय तोंड शिवून तसाच आत ठेवतात. ही फ्रेंच सर्जन हेन्री हार्टमन यांची 1921 सालची पद्धत. आतडं फुटून पोटात घाण पसरली असेल, रात्री-बेरात्री जीव वाचवायचा असेल, तेव्हा ती अजूनही हमखास वापरली जाते. तिसरी तऱ्हा तात्पुरत्या पिशवीची. आत आतड्याचा नवा जोड दिलेला असतो आणि तो भरून येईपर्यंत मळ वरच्यावर, बहुधा लहान आतड्यातून, बाहेर वळवलेला असतो. म्हणजे गुदाशय कधी नसतो, कधी कुलूप लावून ठेवलेला असतो, तर कधी रजेवर असतो. एकाच ठिकाणच्या दुखण्याचा अर्थ या तीन घरांत वेगवेगळा होतो.

कुलूपबंद गुदाशयापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त घाबरगुंडी तिथेच उडते. पिशवी बसवून महिना-दोन महिने झाले आणि मागून अचानक पांढरट, चिकट काहीतरी पडलं, की रुग्णाला वाटतं टाका उसवला, नाहीतर रोग परत आला. प्रत्यक्षात ती आव असते. आतड्याच्या अस्तरात चिकट स्राव तयार करणाऱ्या असंख्य पेशी असतात. मळ सुळकन पुढे सरकावा म्हणून वंगण पुरवणं हे त्यांचं काम. मळ येणं बंद झालं ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्या वंगण बनवत राहतात. काहींना ते रोज पडतं, काहींना आठवड्यांनी. तात्पुरत्या पिशवीत आतड्याचं वेटोळं नुसतं बाहेर काढून उघडलेलं असेल, तर थोडा मळही ओघळून खाली उतरू शकतो. त्यात जगबुडी नाही.

त्रास होतो तो आव साठून राहिली की. तिच्यातलं पाणी आतड्याची भिंत शोषून घेते, उरलेला गोळा घट्ट होतो आणि मग खरीखुरी संडासची कळ येते, बैठकीत जडपणा येतो, ओटीपोटात ठणकतं. यावर उपाय इतका साधा आहे की तो कोणी सांगितला नाही याचाच राग यावा. दिवसातून एकदा, ठरावीक वेळी, कमोडवर पाच-दहा मिनिटं बसायचं, थोडं पुढे वाकायचं आणि हलकेच जोर द्यायचा. कुंथायचं नाही, कुंथण्यानं स्टोमाशेजारी, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाशेजारी, हर्निया व्हायला मदत होते. गोळा घट्टच झाला असेल तर ग्लिसरीनची कांडी त्याला सैल करते. पण ही कांडी सर्जनला विचारल्याशिवाय वापरायची नाही. आत ताजा जोड असेल तर तिथे बोट, कांडी, एनिमा यांपैकी काहीही जाता कामा नये. 'मागे काय उरलंय' हे कागदावर हवं ते यासाठीच.

आता याच बंद घरातली दुसरी भानगड. 1981 साली अमेरिकेतले सर्जन डोनाल्ड ग्लॉट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. आधी आतड्याचा दाह कधीच नसलेल्या लोकांमध्येही, मळ दुसरीकडे वळवल्यावर, मागे राहिलेल्या आतड्याला सूज येत होती. अस्तर लाल, नाजूक, हात लावताच रक्त येईल असं. म्हणजे ज्या भागाला पूर्ण विश्रांती दिली, तोच आजारी पडत होता. कारण उपासमार, असं अनेक वर्षं मानलं जातंय आणि ते पटण्यासारखं आहे. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी रक्तातून पोट भरतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं जेवण मात्र मुख्यतः आतड्याच्या पोकळीतून येतं. आपण खाल्लेला चोथा तिथले जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी लहान साखळीची आम्लं तयार होतात आणि त्यांवर या पेशी जगतात. मळाचा ओघ आटला की जिवाणूंचं स्वयंपाकघर बंद आणि अस्तर उपाशी. 1989 मध्ये हीच आम्लं एनिमातून परत दिल्यावर काही रुग्णांचा दाह ओसरल्याचं प्रसिद्ध झालं. पुढच्या चाचण्यांत मात्र सगळ्यांना तसं यश मिळालं नाही. म्हणून आजही डॉक्टर कुठे ही आम्लं, कुठे मेसालामीन, कुठे स्टेरॉइडचा एनिमा असं माणूस बघून ठरवतात.

दुर्बिणीतून पाहिलं तर असा दाह वळवलेल्या आतड्यात जवळजवळ प्रत्येकाच्या कमी-अधिक दिसतो. त्रास मात्र थोड्यांनाच होतो. ज्यांना होतो त्यांना आवेबरोबर रक्ताचे ठिपके, सतत कळ, गुदद्वाराशी जळजळ. हमखास इलाज एकच, आतडी परत जोडून मळाची वाट पूर्ववत करणं. जोडणं शक्य नसेल आणि त्रास हटत नसेल, तर राहिलेला गुदाशय काढून टाकण्याचाही विचार होतो. पण एक खबरदारी इथेच सांगून ठेवतो. कॅन्सरसाठी किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन यांसारख्या आजारासाठी ऑपरेशन झालेलं असेल, तर मागून पडणाऱ्या रक्ताला 'आवच असेल' म्हणून घरच्या घरी निकालात काढायचं नाही. मागे राहिलेल्या गुदाशयाचीही दुर्बिणीनं तपासणी लागते. पिशवी आहे म्हणून ती टळत नाही.

आता त्या पहाटे साडेपाचच्या माणसाकडे वळू. त्याच्याकडे गुदाशय नाहीच. मग कळ कुठून?

अमेरिकन यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांवर उपचार करणारे डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी 1871 मध्ये अशा नसलेल्या अवयवाला 'फँटम' म्हटलं, भुताचा अवयव. पाय नसतो, पण अंगठ्याला खाज येते. गुदाशयाचंही तसंच भूत होतं. खरं तर त्याचं व्हायलाच हवं. शरीरातल्या इतक्या बोलक्या जागा फार थोड्या. आत आलंय ते वायू आहे की मळ, आत्ता जायचं की मीटिंग संपेपर्यंत थांबायचं, एवढा बारकावा ही जागा मेंदूला सतत कळवत असते. सर्जन अवयव काढतो, तेव्हा हे कळवणाऱ्या तारांचं एक टोक कापलं जातं. मेंदूतलं दुसरं टोक, साठ वर्षांच्या सवयीसकट, जागच्या जागी असतं. कापलेल्या टोकाकडून काही खुडबुड झाली की मेंदू तिचा जुनाच अर्थ लावतो.

हा अनुभव दुर्मिळ नाही, आणि तो वेडाचा तर मुळीच नाही. बहुतेकांना नुसतं भरल्यासारखं वाटतं, वायू सरतोय असा भास होतो. थोड्यांना खरं दुखतं. जळजळ, विजेचा चटका, आत काहीतरी रुतलंय असं. कित्येकांना, आश्चर्य वाटेल, नुसतं जाऊन कमोडवर बसल्यानं बरं वाटतं. मेंदूला त्याचा विधी पार पाडायला मिळतो आणि तो शांत होतो. यात लाजण्यासारखं काही नाही, घरच्यांनीही 'आता तिथे कशाला जाता?' असं विचारू नये. दुखणं चिवट असेल तर साध्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, कारण हे नसांचं दुखणं आहे. अमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटीन, प्रीगाबालीन या वर्गातली औषधं त्यासाठी दिली जातात आणि मोठ्या रुग्णालयांतल्या पेन क्लिनिकमध्ये या विषयाचे डॉक्टर असतात. चिठ्ठीत 'अमिट्रिप्टिलीन म्हणजे डिप्रेशनची गोळी' असं कोणी वाचून दाखवलं तर दचकू नका. नसांच्या दुखण्यासाठी ती सहसा कमी मात्रेत दिली जाते.

मात्र भुतावर विश्वास ठेवण्याआधी घर तपासायचं असतं. ऑपरेशननंतर लगेच सुरू होऊन हळूहळू बोथट होत गेलेलं दुखणं एक, आणि सगळं शांत असताना महिन्यांनी, वर्षांनी नव्यानं सुरू होऊन वाढत गेलेलं दुखणं दुसरं. कॅन्सरच्या रुग्णानं हे दुसरं दुखणं पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत राखून ठेवू नये. ते रोग उलटल्याचं लक्षण असू शकतं आणि ते स्कॅनशिवाय कळत नाही. तसंच ताप, ठणका, बैठकीच्या जागी लाली, दुर्गंधी, पू हे सगळं आत गळू झाल्याचं सांगतं.

बैठकीच्या जखमेबद्दल थोडं. गुदद्वार काढल्यावर तिथे जी पोकळी राहते तिची जखम भरायला आठवडे लागतात, आधी रेडिएशन झालेलं असेल तर महिनेही. कारण उघड आहे. माणूस तिच्यावरच बसतो. इथे आपल्याकडे एक चूक फार प्रेमानं केली जाते. कोणीतरी नातेवाईक मधे भोक असलेली हवेची रबरी रिंग घेऊन येतो. मूळव्याधीसाठी आणलेली असते, घरात पडलेली असते. या जखमेला ती नको. रिंगवर बसलं की नितंब दोन्हीकडे ताणले जातात, मधली जखम लोंबकळते, रक्तपुरवठा कमी होतो. सपाट, मऊ फोमची उशी बरी. एका वेळी अर्धा तास बसायचं, उठून दोन फेऱ्या मारायच्या, दुपारी कुशीवर पडायचं. जमिनीवर मांडी घालून जेवणं आणि भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं काही काळ बंद. पाश्चात्त्य कमोड नसेल तर प्लॅस्टिकची कमोड-खुर्ची भाड्यानं मिळते. कोमट पाण्याच्या टबात बसून शेक घ्यायचा का, हे जखम बघणाऱ्या सर्जनला विचारूनच ठरवायचं.

इतका वेळ मागच्या दारी गेला, पण पुढच्या दारचे दोन प्रसंग असे आहेत की त्यांत घड्याळ बघावं लागतं. दोन्ही मुख्यतः लहान आतड्याच्या स्टोमाचे, म्हणजे इलिओस्टॉमीचे.

एक अडकण्याचा. स्टोमा पोटाच्या भिंतीतून बाहेर येतो तिथे आतड्याची वाट अरुंद असते. न चावलेला चिवट चोथा तिथे बूच बसवतो. परदेशी पुस्तकांत यासाठी मशरूम आणि सेलरीची यादी असते. आपण ती आपल्या स्वयंपाकघरातून करावी. भाजलेलं कणीस, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, पेरूच्या बिया, संत्र्याचे पापुद्रे, अख्खे शेंगदाणे, मोड आलेली कच्ची मटकी. पहिले सहा-आठ आठवडे यांपासून लांब राहायचं, मग एकेक पदार्थ थोडा थोडा, नीट चावून. साबुदाण्याच्या खिचडीत मित्र आणि शत्रू एकाच ताटात बसलेले असतात. साबुदाणा पिशवीतला पातळ मळ घट्ट करायला मदत करतो. शेंगदाणा अख्खा असेल तर अडकतो. बारीक कूट करून घातलं की प्रश्न मिटतो.

अडकल्याची खूण अशी की पोटात लाटांसारखे मुरडे येतात, पिशवीत एकतर काहीच येत नाही किंवा नुसतं पाणी चिळकांड्या मारत येतं, स्टोमा सुजतो, मळमळतं. पाणी येतंय म्हणजे जुलाब लागलेत असं समजून जुलाब थांबवणारी गोळी घेणं ही इथली मोठी चूक, आणि पोट साफ व्हावं म्हणून रेचक घेणं तिच्याहून मोठी. घन अन्न बंद करावं, उलटी नसेल तर कोमट पाणी किंवा बिनदुधाचा चहा घोट घोट घ्यावा, पिशवीची चकती घट्ट होत असेल तर मोठ्या छिद्राची लावावी, गुडघे छातीशी घेऊन कुशीवर पडावं, स्टोमाभोवती पोट हलक्या हातानं चोळावं. चार-सहा तासांत सुटलं नाही, किंवा उलट्या सुरू झाल्या, किंवा स्टोमाचा लालसर रंग जांभळा-काळा पडू लागला, तर रुग्णालय. हा शेवटचा प्रकार दिसला तर चार तासही थांबायचं नाही.

दुसरा प्रसंग सुकण्याचा. पाणी आणि मीठ परत शोषून घेण्याचं मोठ्या आतड्याचं काम इलिओस्टॉमीत वाटेतूनच वगळलं जातं. सावरल्यावर पिशवीत दिवसाला साधारण 500 ते 800 मिलिलिटर येतं. ते दीड लिटरच्या वर जाऊ लागलं की शरीर मिठाला मुकायला लागतं. पोटऱ्यांत गोळे, उभं राहिल्यावर अंधारी, लघवी कमी आणि गडद. अशा वेळी 'भरपूर पाणी प्या' हा घरोघरीचा सल्ला उलटा पडतो. नुसतं पाणी, नारळपाणी, सरबत प्यायलं की लहान आतड्यातून आणखी मीठ पाण्यात उतरतं आणि पिशवी आणखी भरते. लागतं ते मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात असलेलं पाणी. 1971 च्या बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या लोंढ्यात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना जे पाजून जगवलं, त्याच तत्त्वावरचं. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाची यासाठीची कृती प्रसिद्ध आहे. एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खायचा सोडा. हल्लीच्या ओआरएसच्या पुडीत मीठ यापेक्षा थोडं कमी असतं, त्यामुळे काही डॉक्टर पुडी कमी पाण्यात कालवायला सांगतात. ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, विशेषतः रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर. निर्जळी उपास मात्र इलिओस्टॉमी असलेल्यानं करू नये. देव समजून घेईल, मूत्रपिंड घेणार नाही.

आणि ज्यांचा गुदाशय रजेवर होता, ते? एक दिवस पिशवी निघते, घरात पेढे वाटले जातात. आठवड्याभरात पेढे खाणारा माणूस दिवसातून दहा-बारा वेळा संडासात जाऊन थकलेला असतो. एकदा जाऊन आलं की पंधरा मिनिटांत पुन्हा, मग पुन्हा. वायू आणि मळ यांतला फरक कळत नाही. गुदद्वाराची कातडी सोलवटून निघते. गुदाशयाचा मोठा भाग काढून वरचं आतडं खाली जोडलं असेल तर साठवणीची कोठीच गेलेली असते आणि तिच्या जागी नळी आलेली असते. हा त्रास आता मोजताही येतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2012 साली पाच प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली, 0 ते 42 गुणांची. 30 किंवा अधिक गुण म्हणजे त्रास मोठा. पुढच्या भेटीला जाताना 'जरा त्रास होतो' असं म्हणण्यापेक्षा आठवडाभराची वही न्यावी: किती वेळा, रात्री किती वेळा, कपड्यात झालं का. त्या वहीवरून डॉक्टर लोपेरामाइड या जुलाब थांबवणाऱ्या गोळीची मात्रा, जेवणाच्या वेळा, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, गरज पडली तर पाण्यानं आतडं धुण्याची पद्धत ठरवू शकतात. पहिल्या वर्ष-दीड वर्षात पुष्कळ जणांचं पुष्कळ सुधारतं. तोवर धुतल्यावर टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही, आणि झिंक ऑक्साइडचं मलम हाताशी ठेवायचं.

हे सगळं विचारायचं कोणाला? सर्जनला वेळ नसतो ही तक्रार जुनी आहे, तिच्यावरचा तोडगाही जुना आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी 1958 मध्ये नॉर्मा गिल या आपल्याच एका रुग्णबाईला नोकरीवर घेतलं. तिला स्वतःला इलिओस्टॉमी होती. पिशवीशी कसं जगायचं हे दुसऱ्या रुग्णांना शिकवणं एवढंच तिचं काम. आजच्या स्टोमा नर्सचा पेशा तिथून सुरू झाला. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये असं स्टोमा क्लिनिक आहे. आपल्या शहरात कुठे आहे याची चौकशी घरी सोडण्यापूर्वीच करावी, आणि त्या नर्ससमोर बसल्यावर पिशवीची चकती, पट्टी, पावडर हे सगळं विचारून झालं की खुर्चीवरून उठायच्या आधी तो कागद पुढे करावा, ज्यावर मागे काय उरलंय ते लिहिलेलं आहे, आणि पहाटेच्या कळेबद्दल सांगावं.